स्टेपनी उजव्या बाजूला

माझ्या धंद्यात माणूस गेल्याची बातमी बऱ्याचदा ऑर्डर म्हणूनच येते. चंद्रपुरात चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवल्यावर याची सवय होते. फोन वाजतो, पलीकडचा आवाज जरा जड असतो आणि पहिलंच वाक्य असतं, ‘एक फोटो मोठा करून पाहिजे होता.’ हिरामणभाऊ निमगडे गेल्याचं मला तसंच कळलं. राजुऱ्याहून त्यांच्या पत्नीचा, शेवंताबाईंचा फोन होता. ‘भाऊ, ह्यायचा फोटो मोठा करून द्या लागते. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाले पाह्यजे.’ मी कागद-पेन्सिल ओढली, आकार विचारला, फ्रेम काळी की लाकडी ते विचारलं. सगळं लिहून झाल्यावर शेवंताबाई म्हणाल्या, ‘अन् बाजू नीट पाहून घ्याजा बरं, भाऊ.’ त्यांनी ते सहज म्हटलं. हिरामणभाऊंच्या डाव्या गालावर चामखीळ होती. त्या दिवशी मी ती पाच वेळा तपासली... आणि मग दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं.

हिरामणभाऊ राजुऱ्याकडच्या एका कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. निवृत्त झाल्यावर लोक शेती घेतात, देवळाच्या किंवा विहाराच्या कमिटीत जातात, नाहीतर सुनेच्या स्वयंपाकात लक्ष घालतात. यांनी लहान गाड्या बनवायला घेतल्या. खेळणी म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. एका फुटाला एक इंच असं माप धरायचं आणि अस्सल गाडीत जे जे आहे ते ते करायचं. तयार भाग काही विकत आणायचा नाही. तेलाच्या डब्याचा पत्रा, पितळेची तार, सायकलची ट्यूब. खिडक्यांच्या काचा त्यांनी स्वतःच्या छातीच्या एक्स-रे फिल्मा धुऊन केल्या होत्या. ‘डॉक्टरनं पाहून घेतल्या, आता आपल्या कामाच्या,’ असं म्हणायचे.

करण्यापेक्षा शोधण्यात त्यांचा जास्त वेळ जाई. त्यांच्याजवळ एक लांबट वही होती, खाणीतल्या स्टोअरच्या वहीसारखी आखलेली. भाग, पुरावा, कोणी सांगितलं, असे रकाने. दाराच्या मुठीचासुद्धा पुरावा लागे. पुरावा नाही तोवर तो भाग करायचा नाही; जागा रिकामी ठेवायची. कोणताही जुना फोटो हातात आला की ते आधी त्याची पाठ पाहत. पाठीवर जे काही लिहिलेलं असेल, शिक्का, नाव, तारीख, ते जसंच्या तसं वहीत उतरवून घेत आणि मगच फोटो सुलटा करत. मी म्हणायचो, ‘भाऊ, फोटो पुढून असते.’ ते म्हणायचे, ‘पुढून तं सारेच पाह्यतेत.’

त्यांना शेवटची जी गाडी करायची होती, तिचा पुरावाच नव्हता. ती राजुऱ्याच्या एका जंगल ठेकेदाराची विलायती मोटार. काळी, लांब नाकाची, पुढच्या मडगार्डात स्टेपनी बसवलेली. कोणत्या कंपनीची हे सांगणारं आता कोणी उरलं नव्हतं. हिरामणभाऊंचे वडील, सोनबा, त्या मोटारीचे ड्रायव्हर. गाडी विकली गेली तेव्हा हिरामणभाऊ आठेक वर्षांचे असतील. तोवर त्यांनी तिची चाकं कितीदा तरी धुतली होती, पण आत एकदाही बसले नव्हते. मालकाच्या गाडीत निमगड्याच्या पोरानं बसायचं नव्हतं, हे कोणी सांगावं लागत नसे. ते तिला ‘बाची गाडी’ म्हणत. शेवंताबाई लगेच दुरुस्त करत, ‘मालकाची म्हणा.’ बाची गाडी होती की मालकाची, एवढंच त्यांना ती बनवून पाहायचं होतं, असं मला आता वाटतं.

ते माझ्याकडे आले ते यासाठी की ठेकेदाराकडच्या एका लग्नाचे फोटो माझ्या वडिलांनी काढले होते. निगेटिव्हचे डबे माळ्यावर होते. आम्ही दोघांनी चार दुपारी त्यात घातल्या. नवरदेव, वरमाया, मांडव, पंगती... आणि एका निगेटिव्हमध्ये एका बाजूने घेतलेली अख्खी मोटार. शेजारी गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट घालून एक माणूस उभा, एक हात स्टेपनीवर. पाठीमागे दार. मागच्या चाकाजवळ घासलेटचा डबा. ‘बा हाये,’ हिरामणभाऊ म्हणाले. वडिलांचा दुसरा फोटो त्यांच्या घरात नव्हता. पण त्यांना आधी आनंद झाला तो डब्याचा. तसा डबा त्यांच्या घरी होता. त्याची उंची पट्टीने मोजली की चाक किती, दार किती, सगळं हिशेबात बसत होतं.

मी ती निगेटिव्ह स्कॅनरवर ठेवली, मोठा प्रिंट काढला, सवयीप्रमाणे पाठीवर पेन्सिलीने तारीख टाकली आणि दिला. त्यांनी तो घरी भिंतीवर लावला आणि पत्रा कापायला घेतला. फोटोत गाडीची डावी बाजू दिसत होती. म्हणजे स्टेपनी डावीकडे. एकदा मी गेलो असताना ते फोटोकडे पाहत बसले होते. म्हणाले, ‘भाऊ, ड्रायव्हर तं उजवीकडे बसते. मग बा ह्या दारापाशी काऊन उभा हाये?’ मग स्वतःच म्हणाले, ‘मालकाचं दार धरून उभा असन. लगनाचा दिवस होता.’ मी म्हटलं, ‘त्या काळी तसंच असायचं.’ किती शहाण्यासारखं बोललो, असंही तेव्हा मला वाटलं असेल. हिरामणभाऊंनी मान हलवली आणि कानस उचलली.

गाडीचं पुढे काय झालं हे शोधत आम्ही मुलचेऱ्याकडे गेलो. गाडीचं इंजिन तिकडच्या बंगाली निर्वासितांच्या एका गावात धानाच्या गिरणीला लागलं होतं, असं ऐकलं होतं. गिरणी केव्हाच बंद पडलेली. गिरणीवाल्यांचे चिरंजीव, तेही आता सत्तरीचे, आम्हाला घरामागे घेऊन गेले. तिथे कोंबड्यांच्या खुराड्यावर छप्पर म्हणून मोटारीचं बॉनेट होतं. गंजलेलं, पण मधली घडी शाबूत. हिरामणभाऊ चपला काढून त्याच्याजवळ बसले. खुराड्याला हात लागताच आत जो गोंधळ उडाला त्यात घरातली बाई बाहेर आली आणि विचारू लागली, ‘मुर्गी लेना है क्या?’ हिरामणभाऊ म्हणाले, ‘नाई बाई, छप्पर मोजना है.’ त्यांनी दोरीने वळण घेतलं, खडूने पुठ्ठ्यावर उतरवलं. परतीच्या एसटीत तो पुठ्ठा मांडीवर आडवा धरून बसले होते. वहीत लिहिलं: बॉनेट, पुरावा कोंबड्यांचं खुराडं. त्यांना एवढं खूश मी दुसऱ्यांदा पाहिलेलं नाही. म्हणजे एकदा पाहिलं, त्याबद्दल पुढे सांगतो.

दोन वर्षं गेली. डावी बाजू पूर्ण होत आली होती. दरम्यान माझ्या माळ्याला वाळवी लागली म्हणून मी निगेटिव्ह नव्या पाकिटांत भरायला काढल्या. ती निगेटिव्ह हातात आली, उजेडावर धरली आणि फिल्मच्या कडेचे आकडे वाचले. आकडे सरळ वाचता येतात तेव्हा चित्र सुलटं असतं. आकडे सरळ होते आणि गाडीचं तोंड भिंतीवरच्या फोटोच्या बरोबर उलट दिशेला होतं. मी निगेटिव्ह स्कॅनरवर पालथी ठेवली होती. कोटाची पट्टी कोणत्या बाजूने येते तेवढं पाहून उलटा फोटो ओळखायचा, हे वडिलांनी मला कामाच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. एवढा मोठा प्रिंट हाताने फ्रेमला दिला तरी माझं लक्ष गेलं नाही.

त्याच दिवशी मी सुलटा प्रिंट काढला. पाठीवर तारीख टाकली. राजुऱ्याला जायला निघालो... आणि गेलो नाही. त्यांची छाती तेव्हा नुकतीच बिघडू लागली होती. दोन वर्षांचं काम चुकीच्या बाजूला आहे, हे आजारी माणसाला कसं सांगायचं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं एवढंच की मला लाज वाटली. प्रिंट खणात गेला. पुढच्या वेळी सांगू, असं म्हणत एक वर्ष गेलं. त्या वर्षात मी चार-पाच वेळा त्यांच्याकडे चहा प्यायलो, भिंतीकडे पाठ करून.

चूक पकडली ती त्यांच्या मोठ्या बहिणीने. यशोदाबाई, हिरामणभाऊंची ‘बाई’, दूर सिरोंच्याकडे राहतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर त्या भावाला भेटायला आल्या आणि पहिल्यांदाच त्यांनी तो फोटो नीट पाहिला. सोनबांचं एक बोट तरुणपणी लाकडाच्या डेपोत गेलं होतं. यशोदाबाई म्हणाल्या, ‘हिरामण, बाचं बोट तं डाव्या हाताचं गेलं होतं. ह्या फोटोत उजव्याचं काऊन नाई?’

दुसऱ्या दिवशी हिरामणभाऊंनी मला बोलावून घेतलं. यशोदाबाई तिथेच बसल्या होत्या. त्यांनी मला हात दाखवला, फोटोतला. स्टेपनीवरचा हात, चार बोटांचा. ‘भाऊ, फोटो उलटा हाये का?’ त्या वेळी ‘हो’ म्हणायला काय लागत होतं? मी चष्मा पुसला आणि म्हणालो, ‘निगेटिव्ह पाहून सांगावं लागेल.’ घरी आलो. काही पाहायचं नव्हतंच. सकाळी खणातला प्रिंट घेतला, पिशवीत घातला आणि राजुऱ्याला गेलो. ‘उलटाच होता,’ म्हणालो. ‘हा घ्या सुलटा.’

मला वाटलं होतं ते खचतील. ते प्रिंट दोन्ही हातांत धरून पाहत राहिले. गाडीची उजवी बाजू. उजवीकडचं पुढचं दार. त्याच्यासमोर, डावा हात स्टेपनीवर टाकून, सोनबा. हिरामणभाऊ हसायला लागले. मग खोकला आला, मग पुन्हा हसले. ‘शेवंता, ये इकडे, पाह्य. बा मालकाच्या दारापाशी नाई उभा. आपल्या दारापाशी उभा हाये! स्टेरिंगच्या दारापाशी!’ शेवंताबाई हातातलं पीठ तसंच ठेवून बाहेर आल्या. त्यांनी सासऱ्यांकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, ‘ऐटीत उभे हायेत मामाजी.’ त्यानंतर त्या घरात ‘मालकाची म्हणा’ असं कोणी म्हटल्याचं मी ऐकलं नाही. आणि मी मात्र तीन वर्षं त्या माणसाला दुसऱ्याच्या दारापाशी उभं केलं होतं. त्यातलं एक वर्ष तर समजून-उमजून.

पुढचे महिने ते हळूहळू काम करत राहिले. डावं मडगार्ड काढून स्टेपनीची खाच बुजवली. उजवीकडे नवं मडगार्ड ठोकलं. दोन ठोके मारायचे आणि थांबायचे. स्टेपनी तेवढी एका औषधाच्या डबीत राहिली. मला ते कधी काही म्हणाले नाहीत. फक्त स्वतःचा एखादा फोटो माझ्याकडे छापायला दिला की चिडवायचे, ‘पाह्यजा भाऊ, मले उजव्या हातानं जेवू घालजा.’ ते चिडवणं मी स्कॅनरवरच्या चुकीबद्दलचं समजत होतो.

कार्यक्रमाला मी फ्रेम घेऊन गेलो. वंदना झाली, लोक जेवून गेले. शेवंताबाईंनी ती वही आणि औषधाची डबी माझ्यासमोर ठेवली. ‘तेवढी स्टेपनी लावाची राह्यली. तुमीच लावा, भाऊ. कुठी लावाची ते वहीत हाये.’ मी शेवटचं पान उघडलं. अक्षर थरथरलेलं होतं, पण रकाने सगळे भरले होते. भाग: स्टेपनी, उजवी बाजू. पुरावा: बाचा डावा हात. कोणी सांगितलं: बाईनं. खाली, सवयीप्रमाणे, सुलट्या फोटोच्या पाठीवरचा मजकूर जसाच्या तसा उतरवलेला होता. माझ्या स्टुडिओचं नाव आणि पेन्सिलीची तारीख. मी फोटो दिला त्याच्या एक वर्ष आधीची.

म्हणजे त्यांना माहीत होतं. फोटो हातात आल्यावर त्यांनी आधी पाठ पाहिली नाही, असं कधी झालंच नव्हतं... मी समोर उभा होतो तेव्हा, हसण्याच्याही आधी, त्यांनी ती वाचली असणार. त्या तारखेखाली एकच ओळ होती. ‘तीन वर्षं गाडी पाहिली, बाच्याकडे पाहिलं नाही. चूक माझी.’

मी शेवंताबाईंना सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या. म्हणाल्या, ‘ते बोलले नाई मले.’ एवढंच. मग त्यांनी गोंदाची नळी आणून दिली.

स्टेपनी बसवायला मला पाऊण तास लागला. माझे हात त्या कामाचे नाहीत. गाडी आता त्यांच्या घरात टीव्हीशेजारी आहे. तिच्यावर सोनबांचा सुलटा फोटो आणि शेजारी हिरामणभाऊंचा. निघताना मी हिरामणभाऊंची फ्रेम खाली घेतली. गडबडीत तिच्यावर तारीख टाकायची राहिली होती. शेवंताबाईंकडून पेन्सिल मागून घेतली, पाठीवर तारीख लिहिली. त्या दिवशी जी होती, तीच.