देवमाशाच्या पोटातलं घड्याळ

अहिल्या चिडकी होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. सौदीतल्या तबूक शहरातले मराठी लोक एकत्र जमले की तिच्या हातातल्या कलेचं तोंडभरून कौतुक करतात आणि मग आवाज बारीक करून म्हणतात, "स्वभाव मात्र जरा हा आहे." जरा कसला, चांगलाच होता. पण ती उगीच चिडायची नाही. तिच्या चिडण्याला दरवेळी काहीतरी कारण असायचं, आणि ते कारण समोरच्याला पटलं की त्यालाच जास्त त्रास व्हायचा.

एका खासगी हॉस्पिटलात मुलांच्या वॉर्डाची ती सीनिअर सिस्टर. नवरा सुबोध एका बांधकाम कंपनीत इंजिनिअर, मुलगी तन्वी इंडियन स्कूलमध्ये नववीत. वॉर्डात कोपराच्या खाली अंगावर काही चालत नाही. बांगडी नाही, अंगठी नाही, मनगटी घड्याळ तर नाहीच, कारण त्यांच्या खाचाखोचांत जंतू बसतात. सासूबाई व्हिडिओ कॉलवर दर वेळी तिचे मोकळे हात बघून सुस्कारा टाकायच्या, आणि दर वेळी अहिल्या फोन सुबोधच्या हातात देऊन स्वयंपाकघरात निघून जायची.

आणि मजा बघा, हीच मोकळ्या हातांची बाई दागिने घडवायची. वडील विट्याकडचे, गलाईचा धंदा, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायची. त्या भागातली घरंच्या घरं या धंद्यासाठी देशभर पांगली, तसं हे कुटुंब तामिळनाडूत सेलमला गेलं. दुकानामागच्या खोलीत ती वाढली. धातू वितळवायची मूस कधी भट्टीतून काढायची हे ती शाळेत जायच्या आधी शिकली होती. पण थोडी मोठी झाल्यावर वडिलांनी तिला भट्टीपासून उठवलं. गिऱ्हाईकाला ते बरं दिसत नाही, म्हणाले. ते वाक्य ती विसरली नाही. मिरजेला नर्सिंग केलं, सौदीला आली, आणि येताना वडिलांची एक जुनी कानस न विचारता बॅगेत टाकून घेऊन आली.

तबूकच्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल हे तिचं दुकान. ती घडवायची ते दागिने आजीच्या डब्यातले नव्हते. तन्वी आणि तिच्या मैत्रिणी जे गेम खेळायच्या, जी कार्टून बघायच्या, त्यातलं सगळं हिच्या टेबलावर चांदीत उतरायचं. गेममधल्या चौकोनी ठिपक्यांची ठुशी. मोत्यांच्या जागी रिमोटची रंगीत बटणं बसवलेल्या कुड्या. रोबोच्या मिशा काटे म्हणून फिरतात असं एक घड्याळ. तन्वी म्हणायची, "मम्मा, धिस इज इनसेन," आणि ते लगेच शाळेत घालून जायची.

त्या वर्षी तबूकमधल्या सगळ्या पोरांना एका गेमनं वेड लावलं होतं. वाळवंटावरून उडणारा एक देवमासा तारे गिळत जातो, एवढीच गोष्ट. वॉर्डातली मुलं सुई बघून किंचाळायची आणि मोबाइलवर तो मासा दिसला की गप्प व्हायची. अहिल्यानं तो मासा चांदीत केला, पोटात घड्याळ बसवलं आणि गणवेशावर छातीशी टाचला. नर्सेसची घड्याळं अशीच टाचलेली असतात, आणि तबकडी उलटी असते. समोरच्याला बारा खाली दिसतात, पण जिनं लावलंय तिनं मान खाली घातली की तिला वेळ सरळ दिसते, हात न लावता. म्हणून तिनं मासा सुलटा ठेवला आणि त्याच्या पोटातली तबकडी उलटी. आकड्यांच्या जागी बारा तारे, त्यातला बाराचा तेवढा लाल. मासा पलंगावरच्या मुलासाठी, वेळ सिस्टरसाठी.

पहिल्याच दिवशी एका चार वर्षांच्या मुलानं माशाच्या शेपटीकडे बघत बघत सुई टोचून घेतली. मग बाकीच्या सिस्टर मागे लागल्या. त्याच मुलाची मावशी अरवा, रियाधला तिचा स्टुडिओ. गेम आणि कार्टूनच्या वेड्यांसाठी ती दागिने, घड्याळं काढायची. तिनं वॉर्डातच मासा हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, हा मला द्या.

अहिल्याचा इकामा, म्हणजे सौदीत राहायचा परवाना, नर्सचा. बाहेरचं काम करून मोबदला घ्यायची सोय नव्हती. तिची कफील, म्हणजे परवान्याची जामीनदार, हॉस्पिटलच, त्यांनी परवानगी दिली ती एका अटीवर. अरवानं नर्सिंग डेला सगळ्या सिस्टरना हे घड्याळ भेट द्यायचं, बाकीची तिनं रियाधच्या मोठ्या प्रदर्शनात विकावीत. अहिल्यानं एकच गोष्ट मागितली. मागच्या झाकणाभोवतीच्या गोल कडीवर तिचं नाव कोरलेलं हवं.

नर्सिंग डेला घड्याळं आली. अहिल्यानं डबी उघडली, घड्याळ उलटं केलं, आणि कडीवर गोलाकार कोरलेलं आपलं नाव वाचत बसली. अरबीत एकदा, इंग्रजीत एकदा. फोटो काढून, धंदा आवरून विट्याला परतलेल्या वडिलांना पाठवला. वडिलांचा लगेच फोन आला. "पोरी, नाव काढलंस," एवढंच म्हणाले. हे घड्याळ त्यांनाच द्यायचं म्हणून तिनं ते तसंच डबीत ठेवलं आणि आपलं जुनं लावून ड्यूटीवर गेली. नावाकडे बघता बघता घड्याळ पुढून बघायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी वॉर्डाचे डॉक्टर सिस्टर तस्नीमवर सगळ्यांसमोर ओरडले. तस्नीम हैदराबादची, हाताखाली नुकतीच आलेली. सव्वानऊला दिलेल्या औषधाची नोंद तिनं पावणेदहाची केली होती. अहिल्या त्या वेळी शेजारीच उभी होती, त्यामुळे औषध कधी दिलं ते तिला पक्कं माहीत होतं. तिनं तस्नीमला बाजूला घेऊन विचारलं, आत्ता किती वाजलेत. तस्नीमनं छातीवरच्या नव्या माशाकडे मान वाकवली आणि बिनधास्त चूक सांगितलं. तासाचं भान सगळ्यांनाच असतं, धावपळीत आपण मिनिटांचा काटा तेवढा बघतो, आणि मिनिटांचा काटा उलटा होता.

अहिल्या तिच्या समोर उभी राहिली. तिथून वेळ अगदी सरळ दिसत होती. तबकडी फिरवली होती. लाल ताराही गेला होता, बाराच्या बारा तारे एकसारखे पांढरे. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

अरवा अजून तबूकमध्येच होती. दुपारी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये ती हसत आली, मिठी मारायला पुढे झाली, आणि अहिल्यानं तिच्यापुढे मासा ठेवला. अरवा गोंधळली, मग समजावून सांगू लागली. फोटोत वेळ उलटी दिसत होती. लोक विचारत होते, घड्याळ बिघडलेलं आहे का. लाल तारा डोळ्यांना टोचत होता. आणि प्रदर्शनात घेणारे काही नर्स नसतात, हौसेनं मिरवणारे असतात, समोरच्याला सुंदर दिसलं पाहिजे. ती खरंच प्रेमानं बोलत होती, आणि त्या प्रेमानंच अहिल्याचं डोकं आणखी फिरलं.

तिनं तो मासा अरवाच्या अबायावर टाचला आणि तिच्या दोन्ही हातांत चहाचा भरलेला ट्रे दिला.

"आता वेळ सांगा."

अरवानं मान वाकवली, मग तिरकी केली, मग ट्रे एका हातावर तोलून दुसरा हात माशाकडे नेला.

"हात लावायचा नाही," अहिल्या म्हणाली. "हात उलटीत आहेत असं समजा. रक्तात आहेत. त्याच हातानं तुम्ही घड्याळ फिरवणार, आणि मग पुढच्या मुलाला हात लावणार."

शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. अरवानं ट्रे खाली ठेवला. चेहरा उतरला होता, पण तीही धंद्यातली बाई होती. पुढच्या खेपेला बघू, म्हणाली. ही खेप प्रदर्शनाला गेली, खलास. आणि शेवटी तुमचं नाव तर मी ठेवलंच ना, असंही म्हणाली.

"मुलाला मासा आणि सिस्टरला वेळ, एवढंच होतं माझं त्यात," अहिल्या म्हणाली. "ते काढून टाकलंत आणि नाव तेवढं ठेवलंत. ते कशाला ठेवलंत?"

घरी आल्यावर सुबोधनं सगळं ऐकून घेतलं आणि नको तेच बोलला. अगं, रियाधच्या प्रदर्शनात नाव लागतंय, बाहेरचा माणूस काय तबकडी बघत बसणार आहे, दिसायला तर झकासच आहे. एरवी हा माणूस खिडकीची चौकट एक सूत वाकडी लागली तर मिस्त्रीला ती उखडायला लावतो. अहिल्यानं त्याला तेच ऐकवलं, इतक्या मोठ्यानं की तन्वी हेडफोन काढून बाहेर आली. सगळा जन्म हेच ऐकत आले, ती म्हणाली. भट्टीपाशी बसलेली बरी दिसत नाहीस. हात मोकळे बरे दिसत नाहीत. वेळ उलटी बरी दिसत नाही. बघणाऱ्याला बरं दिसावं म्हणून काम करणाऱ्यानं आंधळं व्हायचं, आणि वर त्याखाली सहीही करायची. सुबोधला पटलं होतं, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मग तिनं टेबलावरचं मीठ-लोणचं बाजूला सारलं आणि घड्याळ उघडायला घेतलं. तबकडी अर्धी फिरवून परत बसवली की झालं, असं तिला वाटलं होतं. पण अरवाच्या कारागिरांनी मागची कडी डाग देऊन, म्हणजे सांधा झाळून, कायमची बंद केली होती. तोडल्याशिवाय आत जाता येत नव्हतं, आणि तोडायची तर घासायची तिथेच, त्या सांध्यावर. सांध्यावरूनच तर नाव गोल फिरत होतं.

तन्वी शेजारी येऊन टेकली. "बट मम्मा, तुला तर नेम हवं होतं ना?" तिनं हळूच विचारलं. अहिल्याला नाव हवंच होतं. अजूनही हवं होतं, आणि म्हणूनच तिला इतका राग येत होता.

पहिलं तिनं स्वतःचंच घेतलं, वडिलांसाठी ठेवलेलं. त्यांचीच कानस. चांदीचा भुगा कागदावर पडत राहिला, आधी इंग्रजी अक्षरं गेली, मग अरबी. कडी सुटली. तिनं तबकडी फिरवली आणि बाराच्या ताऱ्यावर तन्वीच्या नेलपॉलिशचा लाल थेंब दिला. मासा परत बंद केला तेव्हा तिच्या बोटाच्या पेराला फोड आला होता आणि ती अरवाला मराठीत मनसोक्त शिव्या देत होती.

पुढचे कित्येक दिवस वॉर्डातल्या सिस्टर एकेक करून आपापले मासे रुमालात गुंडाळून तिच्याकडे देत राहिल्या. रियाधला प्रदर्शन दणक्यात झालं. तिथल्या काचेत तिचं नाव होतं, तबकडी सरळ होती, आणि अरवानं प्रामाणिकपणे फोटो पाठवले. अहिल्यानं ते उघडलेसुद्धा नाहीत. वडिलांनी मात्र एकदा फोनवर विचारलं, घड्याळ कधी पाठवतेस, गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलंय. पाठवते, ती म्हणाली, पण मागून बघू नका.

तस्नीमचं घड्याळ तिनं सगळ्यात शेवटी दिलं. तस्नीमनं ते उलटं करून पाहिलं, खरखरीत कडीवरून बोट फिरवलं आणि कसनुसं तोंड केलं. "सिस्टर, पीछे तो कुछ बचाच नहीं."

"पीछे मत देखो, लगाओ," अहिल्या म्हणाली. तेवढ्यात तीन नंबरच्या पलंगावरचं पोर भडाभडा ओकलं. तस्नीम धावली. तिचे दोन्ही हात पोराच्या तोंडाखाली होते, मनगटापर्यंत भरलेले, आणि ते पोर रडता रडता तिच्या छातीवरच्या माशाकडे बघत होतं.

"टाइम बोलो," अहिल्या दारातूनच ओरडली.

तस्नीमनं मान खाली घातली आणि बरोबर वेळ सांगितली.