बाणाच्या टोकाला नुसता दोन

माझं अक्षर वाईट आहे, शुद्धलेखनही चुकतं, तेवढं माफ करावं. चौथीच शिकले. पण ड्रॉइंग मला वाचता येतं.

मी वर्कशॉपमध्ये लोखंडी प्लेटांच्या कडा कानशीने घासते. कड गोल हवी असेल तर ड्रॉइंगवर आकड्याआधी 'आर' असतो, तिरपी हवी असेल तर आकड्यानंतर पंचेचाळीस अंश. गेल्या महिन्यात बाणाच्या टोकाला नुसता दोन होता. विचारायला गेले, तर ड्रॉइंग काढणारे साहेब स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले, "मावशी, आकडा दिसतोय ना? मग घासा की." मी गोल घासल्या. सगळ्या प्लेटा बाद झाल्या आणि भरपाई माझ्या पगारातून कापली.

आज तेच ड्रॉइंग पुन्हा आलं. दोनच्या पुढे पंचेचाळीस अंश गुपचूप येऊन बसले होते. बघून अंगाची आग झाली. स्क्रीनवरच्या कडेने कुणाचं बोट कापत नाही, म्हणून तिथे विसरणं इतकं सोपं असतं का?

जुना कागद मी ठेवला होता. दोन्ही कागद मालकांच्या टेबलावर आपटले. ड्रॉइंगवाले साहेब तिथेच बसले होते. ते हसले, "एवढं काय मावशी, पैसेच हवेत ना?"

"आधी चुकलं म्हणा."

साहेबांनी खिशातून फोन काढून त्यात नजर घातली. कापलेले पैसे मालकांनी सगळेच्या सगळे माझ्या हातावर ठेवले.