आवक नाकारता येत नाही

आलेला कागद दारातून परत न पाठवणारा माणूस या जगात आता एकच उरला आहे, आणि तो अकोल्यात राहतो. ते माझ्या आईचे मामेभाऊ, म्हणजे माझे मामा. एका सरकारी कचेरीत त्यांनी चौतीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर काढली. बाहेरून आलेला प्रत्येक कागद घ्यायचा, शिक्का मारायचा, क्रमांक द्यायचा, वहीत त्याचा विषय लिहायचा आणि पुढच्या टेबलाकडे सरकवायचा, हे त्यांचं काम. साहेब बदलले, कचेरीची इमारत बदलली, पण मामांनी एकही कागद नाकारला नाही. शेजारच्या दवाखान्यातल्या कुणाचा तरी एक्स-रे एकदा चुकून त्यांच्या टेबलावर आला, तर त्यांनी त्यालाही क्रमांक दिला. तीन टेबलं फिरून तो ‘आवश्यक कार्यवाहीस्तव’ असा शेरा घेऊन परत आला, असं मामी अजून सांगते.

निवृत्त झाल्यावर मामांनी घरी संगणक घेतला. पेपर वाचायचा, हवामान पाहायचं आणि जुनी भजनं शोधायची, एवढाच त्याचा उपयोग. पण भजनांच्या साइटवर एक भजन लावलं की चार खिडक्या आपोआप उघडतात. तुमच्या संगणकात व्हायरस आहे, तुम्ही बक्षीस जिंकलात, आमच्या सूचना हव्यात का. या न बोलावता उडी मारून येणाऱ्या खिडक्या, म्हणजे पॉप-अप, बाकीचं जग कोपऱ्यातल्या फुलीवर बोट दाबून घालवतं. मामा चष्मा चढवत. खिडकी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचत, आणि मग टेबलाच्या खणातून लाल कापडी पाठीची लांब वही काढत. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. सरकारी मराठी मी पहिल्यांदा वाचली ती या वहीत. ‘आवक क्र. १४. विषय: आपल्या संगणकात विषाणू आढळल्याबाबत. कार्यवाही: संगणक पुसून घेतला.’ ‘आवक क्र. २७. विषय: आपण आजचे भाग्यवान पाहुणे असल्याबाबत. कार्यवाही: आनंद झाला. बक्षिसाची आवश्यकता नाही.’ क्रमांक एकतीसचा विषय होता, ‘आपल्या परिसरातील एकाकी महिला आपली वाट पाहत असल्याबाबत’, आणि कार्यवाहीच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘सौ. यांना दाखविले.’ सौ. तेव्हा कोथिंबीर निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, “जाऊन या मंग. येतानी दही आणजा.”

मला हवा होता तो विषय अकोल्याच्या एका कॉलेजात होता, म्हणून अमरावतीहून मी तीन वर्षांसाठी मामांकडे राहायला आले. मूलबाळ नसलेलं घर. मागची खोली त्यांनी माझ्यासाठी रंगवून ठेवली होती, आणि रंग कोणता आवडतो हे विचारायचं राहिलं म्हणून प्रत्येक भिंतीला वेगळा दिला होता. मी फार बोलत नाही. मामांना त्याचं काही वाटलं नाही. मी कॉलेजातून आले की ते मला त्या दिवसाची आवक वाचून दाखवत, मी हसू दाबत ऐकत असे, आणि आमच्या गप्पा झाल्या असं आम्ही दोघंही धरून चालत असू. सूचना हव्यात का असं विचारणाऱ्या प्रत्येक साइटला त्यांनी होकार दिलेला होता. हळूहळू संगणक इतका मंद झाला की एक पान उघडेपर्यंत मामी कुकरच्या दोन शिट्ट्या काढत असे. मी म्हटलं, “मामा, तुम्ही नाही का म्हणत नाही?” तर म्हणाले, “माणूस असो का कागद, आला तं त्याले घ्या लागते, पोरी. आवक नाकाराचा अधिकार कारकुनाले नसते.”

शेवटच्या वर्षी एका दुपारी ते झोपलेले असताना मी त्यांना न विचारता सगळं बंद केलं. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन पॉप-अप ब्लॉक केले, सूचनांची परवानगी मिळालेल्या साइट्सची लांबलचक यादी एकेक करून पुसली, आणि वर जाहिराती अडवणारं एक वेगळं एक्स्टेंशनही घातलं. संगणक लगेच पळायला लागला. दुसऱ्या दिवशी मामा वही उघडून बसले. भजन झालं, पेपर झाला, काहीच आलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेनाचं टोपण काढलं, थोडा वेळ थांबून परत लावलं, आणि मामीला विचारलं, “आज काई आलंच नाई वं?” मामी म्हणाली, “कोन येईन या उन्हात.” मला ते बघवेना. मी त्यांना काय केलं ते सांगितलं. मामा म्हणाले, “तू केलं न? मंग राहू दे.” बस. त्या दिवसापासून ते वहीची मागची पानं वाचत बसायला लागले.

जूनमध्ये पदवीनंतरच्या प्रवेशासाठी मला कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा होता. पहिली पसंती बंगळुरूची एक संस्था, हे मी मनात ठरवलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. अकोल्याचं कॉलेजही यादीत होतं, आणि मी तिथेच शिकणार असं मामांनी धरूनच ठेवलं होतं. भातकुलीला नात्यातल्या एका लग्नात मी त्यांना सांगताना ऐकलं होतं, “हाव, पुढचे दोन वर्षं बी आमच्याकडंच हाय ते.” मी गप्प बसले. गप्प बसणं मला नेहमीच सोपं जातं. शेवटच्या दिवसापर्यंत मी फॉर्म लांबवला. मुदत संध्याकाळी साडेपाचची होती. साडेचारला मी मामांच्या संगणकावर ‘पसंतीक्रम भरा’ हे बटण दाबलं, आणि काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. पान नव्याने उघडलं, लॉग-इन केलं, परत दाबलं. बटण दबत होतं, पण पुढे काहीच होत नव्हतं. मदतीचा फोन नंबर पानाच्या तळाशी होता. मी तो लावला आणि पहिली रिंग वाजायच्या आत कापला. अनोळखी माणसाशी फोनवर काय बोलायचं, हे मला आधी कागदावर लिहून काढावं लागतं.

मागे दिवाणावर मामा बसले होते, हे मी विसरले होते. “काय होऊन राहिलं?” त्यांनी विचारलं. म्हटलं, “फॉर्मच उघडत नाहीये. बहुतेक साइट बंद पडली.”

“बंद कशी पडन? तुहं नाव तं दाखवून राहिली.” ते उठून माझ्या मागे आले. “कागद असा गायब नाई होत, पोरी. तिथून निंघाला असन. कोन्या तरी टेबलावर अडला असन. तुहा तो शिपाई बसवला न तू, तो अडवलेले कागद ठेवते कुठी?”

तेव्हा मला कळलं. पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला एक लहानसं चिन्ह होतं, त्यावर लाल फुली. पॉप-अप अडवला आहे, असं ते अर्ध्या तासापासून सांगत होतं, आणि मी एकदाही तिकडे पाहिलं नव्हतं. मी त्यावर क्लिक केलं, या साइटला नेहमी परवानगी द्या हा पर्याय निवडला, पान नव्याने उघडलं, बटण दाबलं. तरीही काही नाही. माझे डोळे भरून आले.

“एकानं सोडलं, दुसऱ्यानं धरलं असन,” मामा शांतपणे म्हणाले. “आमच्या हापिसाले दोन दारं होते. तू बी दोन बसवले का?”

दोनच बसवले होते. एक्स्टेंशन मी विसरून गेले होते. ते त्या साइटपुरतं बंद केलं. तेवढ्यात मामी चहा घेऊन आली आणि म्हणाली, “दोघं काहून त्या डब्ब्याच्या तोंडाले तोंड लावून बसले?” मी बटण दाबलं आणि समोर टपकन एक खिडकी उघडली. इतक्या आनंदाने कुठल्या पॉप-अपकडे कुणी पाहिलं नसेल. पाच वाजून बारा मिनिटं झाली होती.

मामा मात्र मागून हलले नाहीत, आणि समोर आलेला कागद पूर्ण वाचल्याशिवाय त्यांना राहवत नाही. मी एक नंबरला बंगळुरू लिहिलं. दोनला हैदराबाद. तीनला पुणे. अकोला चौथ्या नंबरवर आलं, तेव्हा माझी बोटं थांबली. मागे वळून बघायची हिंमत झाली नाही. कूलर घरघरत होता. थोड्या वेळाने माझ्या खांद्यावरून एक बोट पुढे आलं आणि पडद्याच्या तळाशी सबमिटच्या बटणावर टेकलं. “वेळ पाय,” मामा घड्याळाकडे बघत म्हणाले. “दाब.”

मी दाबलं. पावती दाखवणारी आणखी एक खिडकी उघडली. ती त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, आणि चहा घ्यायला आत गेले.

मी आता बंगळुरूला असते. हॉस्टेलमध्ये माझा स्वतःचा लॅपटॉप आहे, त्यावर न बोलावता काहीही उघडत नाही. रोज संध्याकाळी मामांचा फोन येतो. तब्येत, जेवण, पाऊस एवढं एका मिनिटात संपतं, मग ते विचारतात, “काई अडलं का?” सुरुवातीला मी खरं सांगायची, की नाही, सगळं नीट चालू आहे. “मंग ठीक हाय,” ते म्हणायचे, आणि फोन ठेवायला कुणीच तयार नसायचं. हल्ली मी दुपारीच शोधून ठेवते काहीतरी. कधी एखादं पान उघडत नाही म्हणते, कधी प्रिंटची खिडकी दिसत नाही. पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज येतो, मामा घसा खाकरतात आणि म्हणतात, “घाई नको करू. पयले मले सांग, कागद निंघाला कुठून?” मग मी सावकाश, पहिल्यापासून सगळं सांगायला लागते.