हरलेल्यांच्या दारावर

हरणाऱ्या माणसांकडे शांतपणे बघत बसणं ही एक विद्या आहे, आणि ती अख्ख्या खानदेशात एकाच माणसाला पुरती साधली आहे, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. ते गृहस्थ म्हणजे माझे चुलतसासरे. सावद्याजवळच्या त्यांच्या गावात लहानथोर सगळे त्यांना आबा म्हणतात, म्हणून मीही आबाच म्हणतो. वय चौऱ्याहत्तर, घरची केळीची बाग, गुडघे सोडले तर प्रकृती खणखणीत, आणि डोक्यात एकच खूळ, गावचा कबड्डीचा संघ. संघाचं नाव मी इथे देत नाही. त्यांची हार पंचक्रोशीत पुरेशी गाजलेली आहे, तिला आणखी छापील प्रसिद्धी कशाला द्यायची. आसपासच्या सहा गावांनी दिवाळीपासून होळीपर्यंत दर रविवारी आपसात सामने खेळायचे, असं कधीचं ठरलेलं आहे. आमचा संघ त्यातला एखादा सामना चुकूनमाकून शेवटचा जिंकला तेव्हा माझी धाकटी मुलगी रांगत होती. आता ती चौथीत आहे आणि पाढे म्हणते.

हा संघ पूर्वी असा नव्हता म्हणतात. ज्यांच्या मांड्या बघून समोरचा गडी रेषेवरूनच परत फिरायचा, ती पोरं पुण्याला कंपन्यांत लागली. मागे राहिलेली पोरं पहाटेपासून ट्रकमध्ये केळीचे घड भरतात आणि दुपारी चारला मैदानात उतरतात, तेव्हा त्यांचे खांदे आधीच बाद झालेले असतात. हार नेमाने होऊ लागली तसे प्रेक्षक गळाले. आधी तरणी पोरं गेली, मग म्हातारे गेले, आणि शेवटी मंडळाचे अध्यक्षही रविवारी नेमके लग्नाला जाऊ लागले. बसायला कोणी नाही म्हणून मंडळाने खुर्च्या मांडायचं बंद केलं. आबांनी त्यावर तक्रार केली नाही. ते घरून स्वतःची खुर्ची नेऊ लागले. नेऊ लागले म्हणजे मी नेऊ लागलो. मी फैजपूरच्या शाळेत शिक्षक, घर अर्ध्या तासाच्या अंतरावर, आणि आमच्या भागात जावयाला कितीही मान असला तरी सासऱ्याच्या हातात खुर्ची आणि आपले हात मोकळे, असं चालत गावातून जाता येत नाही. माझी ही नोकरी पहिल्या दिवाळसणालाच सुरू झाली. घरात पुरणाचा वास सुटलेला होता, मी पाटावर बसायच्या बेतात होतो, आणि आबा म्हणाले की जवाईबापू, जेवण कुठे पळून जात नाही, आधी सामना बघून येऊ. त्या दिवशी आम्ही सत्तावीस गुणांनी हरलो आणि पुरणपोळ्या गार झाल्या.

सामन्याला जाताना आबा लग्नाला जावं तसे निघतात. इस्त्रीचा पायजमा, पांढरा सदरा, कडक टोपी. मैदानात गेल्यावर ते ओरडत नाहीत, शिव्या देत नाहीत, पंचाशी हुज्जत घालत नाहीत, उलट समोरच्या संघाने चांगली पकड केली तर त्यालाही टाळी देतात. त्यांची एकच गोष्ट धोक्याची आहे. आपला गडी चढाईला गेला की तो जितका वेळ दम धरतो तितका वेळ आबाही धरतात. तो परत येईपर्यंत खुर्चीवर श्वास नाही. तो परत आला नाही, म्हणजे बहुतेक वेळा, तर आबा इतका मोठा उसासा सोडतात, की तो ऐकून पलीकडचे पंच मागे वळून बघतात. एकदा एका पोराने भलतीच लांब चढाई केली, तेव्हा आबांचा चेहरा जांभळाच्या रंगाचा झाला आणि रावेरहून आलेल्या एका अनोळखी गृहस्थांनी धावत येऊन त्यांची पाठ चोळली. डॉक्टरांनी रक्तदाब तपासून मीठ कमी करा म्हणून सांगितलं. त्यांना खरं कारण सांगायची माझी हिंमत झाली नाही. आणि सामना संपला की निकाल काहीही असो, आबांचं मत ठरलेलं असतं. बावन्न विरुद्ध अकरा असा निकाल लागला त्या दिवशीही घरी आल्यावर ते हातपाय धूत म्हणाले, की थोडक्यात गेलं.

या जाण्यावरून त्यांच्या घरात दर रविवारी वाद होतो. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा मेहुणा, शेतकीचं शिकलेला आहे, आणि त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. जी बाग घड देत नाही तिला आपण पाणी देत बसत नाही, नांगर घालतो, असं तो म्हणतो. तुम्ही नेमाने जाता म्हणूनच त्या पोरांना वाटतं की हरलं तरी चालतं. एक रविवार मैदान मोकळं ठेवा, लाज वाटून तरी खेळतील, नाहीतर संघ मोडून तरी टाकतील, आणि दोन्हींत गावाचं भलंच आहे. मी त्याच्या बाजूचा होतो. खुर्ची वाहणाऱ्याचं मत तसंच असणार. आबा हे सगळं ऐकून घ्यायचे आणि टोपी घालायचे. एकदाच मी फार ताणून धरलं तेव्हा त्यांनी मला उत्तर दिलं. आमच्याकडे कोणाच्या घरी माणूस गेलं की नातलग, ओळखीचे दारावर जातात. पत्रिकेत त्याला द्वारदर्शन छापतात. गेलं की ओट्यावर गुपचूप बसायचं, काही विचारायचं नाही, सांत्वनाची भाषणं करायची नाहीत, आणि सगळ्यांत वडीलधारा माणूस उठला की सगळ्यांनी उठायचं. आबा म्हणाले, "आपन दारावर जातो ते मेलेला उठून बसाले पाहिजे म्हनून जातो का? घरच्यांले मानूस दिसाले पाहिजे म्हनून जातो. अन् हे पोरं तं जिते हायेत."

हे बोलणं बोलण्यापुरतं राहिलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. पण गेल्या माघात आमच्या संघावर एका सामन्यात तीन लोण चढले. सातच्या सात गडी बाद होणं म्हणजे एक लोण, असे तीन. आबांना ते फारच लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ते इस्त्रीचे कपडे आणि टोपी घालून कप्तानाच्या घरी गेले आणि काही न बोलता ओट्यावर जाऊन बसले. कप्तान पंचवीस वर्षांचा पोरगा, तो पहाटेच गाडी भरायला गेला होता. आता आमच्या भागात पांढऱ्या टोपीतला म्हातारा सकाळी सकाळी कोणाच्या ओट्यावर मान खाली घालून बसला, तर त्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. त्यातून कप्तानाची आजी दिवाळीपासून अंथरुणाला खिळलेली. समोरचा किराणावाला दुकान अर्धवट सोडून आला आणि आबांच्या शेजारी बसला. दूध घालून परतणारे दोघे बसले. ट्रॅक्टरवाल्याने इंजिन बंद केलं. साडेआठपर्यंत ओट्यावर चौदा माणसं होती आणि मागच्या दाराने बायका डोक्यावर पदर घेऊन आत शिरत होत्या. विचारायचं नाही अशी रीत, म्हणून कोणी विचारलं नाही. आबा सगळ्यांत वडीलधारे, ते उठेनात, म्हणून कोणी उठेना. कप्तानाची आई आंघोळीला गेलेली. आतल्या खोलीत एवढ्या बायका बघून आजी खाटेवरून उठल्या, भिंत धरत धरत बाहेर आल्या, आपल्याच घरचं कोणीतरी गेलं असं समजून त्यांनी डोक्यावर पदर ओढला आणि त्या बायकांच्या मधोमध जाऊन बसल्या. तीन महिन्यांत त्या पहिल्यांदा स्वतःच्या पायाने चालल्या. तेवढ्यात कप्तान मोटारसायकलवरून आला. आपल्या दारात ही गर्दी बघून त्याच्या हातून गाडी सुटली आणि तो रस्त्यातच खाली बसला.

हे मला आबांनी स्वतः सांगितलं, आणि ते सांगत असताना मी हसलो तेव्हा ते हसले नाहीत. कारण त्याच संध्याकाळी कप्तान त्यांच्या घरी आला होता. मी तेव्हा तिथेच होतो. तो रागावलेला नव्हता, तेच जड होतं. त्याने चहा घेतला, कप खाली ठेवला आणि खाली बघत म्हणाला, "आबा, तुम्ही आमच्यासाठी येता हे मले समजतं. पन आता सामन्याले येत जाऊ नका. तुम्ही दिसले का आम्हाले खेय सुरू व्हायच्या आंधीच हारल्यावानी वाटतं."

आबा बरं म्हणाले. मेहुण्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं. आमच्या मनासारखं झालं होतं आणि दोघांपैकी एकालाही चांगलं वाटत नव्हतं.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम गेलो. आबा इस्त्रीचे कपडे घालून घरातच बसले होते. चार वाजले. त्यांच्या घरापासून मैदान लांब, तिथला आवाज ओट्यापर्यंत येत नाही. मी केळीचा भाव कसा आहे, बाग कधी निसवणार म्हणजे घड कधी टाकणार, असे विषय काढून बघितले. त्यांनी एका शब्दात उत्तरं दिली. मधेच ते गप्प व्हायचे आणि थोड्या वेळाने मोठा उसासा सोडायचे. मी घड्याळ लावून बघितलं नाही, पण मला खात्री आहे की ते घरात बसून चढाया करत होते. त्यांनी माझ्याकडे जाऊन बघून या असंही म्हटलं नाही. शब्द दिला तो दिला. त्या दोन तासांत मला पहिल्यांदा कळलं की या माणसाकडून आपण काय काढून घ्यायला निघालो होतो.

दिवेलागण होऊन गेल्यावर कप्तान आला. अंगावर अजून मैदानाची माती होती. उंबऱ्यातच उभा राहून त्याने सांगितलं, की तीन गुणांनी गेलं, तीनच. इतक्या वर्षांत इतक्या कमी गुणांनी आम्ही हरलो नव्हतो. आत मेहुण्याने ते ऐकलं, पण बघा मी म्हणत होतो, असं म्हणायला तो बाहेर आला नाही, हा त्याचा मोठेपणा. आबांचा चेहरा मात्र खुलला. ते म्हणाले, मग मी नव्हतो तेच बरं झालं. आणि ते खरोखर मनापासून म्हणाले, त्यात रुसवा नव्हता.

कप्तान जागचा हलला नाही. "बरं नही झालं," तो म्हणाला. "खेय संपला अन् आम्ही सातीजनं मैदानात तसेच उभे. तुम्ही राह्यले का तुम्ही उठता, मंग आम्हाले समजतं का झालं आता, घरी जावा. आज कोनीच उठाले नव्हतं. अंधार पडेलोग उभे होतो, आबा. पुढच्या रविवारी या."

पुढच्या रविवारी आबा गेले आणि आम्ही एकतीस गुणांनी हरलो. मेहुण्याने जेवताना हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून दाखवले, आणि हिशेबाने तो बरोबर आहे हे मला आजही कबूल आहे. आबा नसले की संघ बरा खेळतो असं म्हणायला जागा आहे. पण मी त्याच्या बाजूने बोलायचं सोडून दिलं. हरणाऱ्या संघाच्या सामन्याला जावं की जाऊ नये, यावर मला कोणी शाळेत निबंध लिहायला सांगितला तर मी जाऊ नये असाच लिहीन, त्याला मुद्दे जास्त सापडतात. रविवारी मात्र मी जातो.

होळी झाली, सामने संपले. परवा कप्तान आबांना भेटायला आला. त्यालाही पुण्याला कंपनीत नोकरी लागली. म्हणजे पुढच्या दिवाळीला आमचा संघ उभा राहील की नाही, हेच आता सांगता येत नाही. आबांनी ते विचारलंच नाही. तिथे कबड्डी आहे का, एवढं त्यांनी विचारलं. कंपनीचा संघ आहे, त्यात त्याला घेतलंय, येत्या रविवारी पहिला सामना आहे, असं तो म्हणाला. जिंकतात का ते लोक, असं आबांनी विचारलं. दरवर्षी जिंकतात म्हणाला, आणि सांगताना थोडा लाजला. आबांनी त्याच्या पाठीवर हात फिरवला आणि बरं झालं म्हणाले.

तो गेल्यावर आबा रस्त्याकडे बघत ओट्यावरच बसून राहिले. मला वाटलं, त्यांना संघाचं दुःख होतंय, म्हणून मी समजुतीच्या सुरात म्हटलं की आबा, पोराचं नशीब उघडलं, आता त्याला बघायला तिथे माणसंच माणसं असतील.

"मानसं तं बहू असतीन," आबा म्हणाले. "पन तो एकालेही वयखत नसीन. पहिल्या दिवशी आपलं एखांदं मानूस दिसाले पाहिजे." आणि मग त्यांनी मला विचारलं, की जवाईबापू, पुण्याची गाडी फैजपूरहून सुटते का भुसावळहून धरावी लागते.

आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. आपल्या मैदानात पलीकडच्या रेषेवरचा गडी आपला की परका, हे त्यांना आताशा मला विचारावं लागतं. पुण्याच्या त्या गर्दीत तो पोरगा त्यांना दिसेल असं मला वाटत नाही. पण त्याला आबा दिसतील. मी शनिवारच्या गाडीची दोन तिकिटं काढून आणली आहेत.