अंगणातलं पाणी जिरेना

पाचोऱ्याहून निघालेली बस फाट्यावर सोडायची आणि तिथून पुढे पायीच जावं लागायचं. पिशवीत मोजपट्टी, पाण्याच्या नमुन्याच्या बाटल्या आणि गुडघ्याला लावायचा मलम. शौचालयाचा शोषखड्डा कुठे चालेल हे गावोगाव तपासणं, एवढंच माझं काम. खरं सांगायचं तर काम ‘नाही’ म्हणायचं. आमच्या भागात काळी माती फार, आणि काळी माती पाणी धरून ठेवते. घरोघर तेच सांगून माझाच आवाज मला नकोसा झाला होता.

अशाच एका गावात एका घरातल्या अक्कांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन होऊन त्या घरी आल्या होत्या, वॉकर धरून जेमतेम चार पावलं टाकत. घरात शौचालय नव्हतं, सगळे बाहेरच जात. आता अक्कांना सून उचलून परसात न्यायची. मुलाने घाईने शोषखड्ड्यासाठी सिमेंटच्या रिंगा आणून अंगणात ठेवल्या होत्या. नुसतं माझं ‘हो’ राहिलं होतं.

उन्हाळ्याचे दिवस. अंगणात चाचणीसाठी खणलेल्या खड्ड्यात पाणी ओतलं तर ते भेगांतून बघता बघता नाहीसं झालं. अक्कांचे यजमान, नाना, खाटेवरून उठून आले.

“देखा ताई, बठ्ठं जिरी गयं!”

मी त्यांना म्हटलं, “नाना, ही भेगांची तहान आहे. माती फुगू द्या, उद्या बघू.” खड्डा काठोकाठ भरून ठेवायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गेले तर भेगा मिटल्या होत्या. नव्याने पाणी ओतलं, काठी रोवून खूण केली आणि निंबाखाली बसून राहिले. चहा झाला, जेवण झालं. पाणी खुणेपाशीच. समोर विहीर होती. तिच्या आतल्या दगडांवर पावसाळ्यातल्या पाण्याची रेघ दिसत होती, माझ्या खड्ड्याच्या तळाहून वरच.

“इथे नाही चालणार,” मी म्हटलं.

मुलगा हळूच म्हणाला, “लिहून टाका ना जिरतं म्हणून. कोण बघायला येतं?”

“पावसाळ्यात घाण वर येईल. आणि हीच विहीर तुम्ही पिता.”

तो रिंगेवर बसून राहिला. मला त्याचा राग आला नाही. राग यायलाही अंगात जीव लागतो.

घरामागे जमीन उतरत गेली होती. तिथली काळी माती पावसाने धुऊन जाऊन पाणी जिरवणारा मुरूम उघडा पडला होता, आणि विहीर वरच्या अंगाला लांब राहिली होती. “ती जागा कोणाची?” मी विचारलं. सुनेने आधी नानांकडे पाहिलं, मग म्हणाली, “काकांची.” नानांचा धाकटा भाऊ. वाटणीपासून दोघे बोलत नव्हते.

“त्याले मी इचारनार नही,” म्हणत नाना आत गेले.

अक्का ओट्यावर बसून सगळं ऐकत होत्या. त्यांनी वॉकर ओढला आणि सुनेला म्हणाल्या, “चाल.” दिराच्या दारापर्यंतचा बोळ लहानसा, पण तेवढ्यात त्या तीनदा थांबल्या. मी मागे चालत होते. मला वाटत होतं, माझ्या एका ‘नाही’पायी ही बाई या उन्हात निघाली आहे.

धाकटी जाऊ दारात आली आणि गडबडली. “या ना अक्का, बठा.”

अक्का बसल्या नाहीत. बसलं तर उठता येणार नव्हतं. “माले लाज वाटस व बहीन,” त्या म्हणाल्या. “सून माले उचलस, तवय मी डोया मिटी लेस.”

जावेने पदर तोंडाला लावला. धाकटा भाऊ आत दोरी वळत होता. दोरी खाली ठेवून त्याने मला विचारलं, “वास ई का हो ताई?”

“झाकण नीट बसवलं तर नाही येणार.”

तो उठला, कुदळ घेतली आणि उतारावर जाऊन स्वतःच खणायला लागला. भावाच्या घराकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. तो खड्डाही आम्ही रात्रभर भिजत ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यातलं पाणी सावकाश, पण सारखं उतरत गेलं. कितीतरी दिवसांनी मी कोणाला तरी ‘हो’ म्हटलं. आनंदाने उडी मारावी असं काही वाटलं नाही. नुसतं झोपावंसं वाटलं.

पावसाळा संपत आला तेव्हा पाहणीला पुन्हा गेले. नानांच्या घराला लागून शौचालय उभं राहिलं होतं. त्याची नळी भिंतीखालून धाकट्याच्या जागेत गेली होती, खड्ड्यात पाणी साचलेलं नव्हतं. भाऊ अजून बोलत नव्हते. जाऊ मात्र संध्याकाळी अक्कांचे पाय चोळायला येते, असं सुनेने सांगितलं. अक्का स्वतः भिंत धरत शौचालयात गेल्या, आतून कडी लावली. सून बाहेर मोकळ्या हातांनी उभी होती. त्या हातांचं काय करावं हे तिला सुचत नसावं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ओट्यावर टेकली. मीही तिच्या शेजारी बसले. दोघीही दमलो होतो.