अण्णाची न मारलेली फेरी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. वहिनीला तर नाहीच.

थोरल्या भावाला, अण्णाला, डॉक्टरांनी बजावलं होतं — तंबाखू बंद, मीठ-तेल कमी, रोज चालायचं. त्यानं तंबाखू खरंच सोडली. वहिनी रश्श्यावरचा तेलाचा कट काढून त्याला वाढायला लागली. चालवायचं काम माझ्याकडं आलं. उजाडताना मी त्याला रंकाळा तलावावर न्यायचो. न्यायचो — पण चालवायचो का?

मलाच कंटाळा. गाडी लावून आम्ही चहा-भज्यांच्या गाड्यावर बसायचो. "एक फेरी तरी मारूया की," अण्णा म्हणायचा. मी म्हणायचो, "उद्या." परतताना त्याच्या शर्टावर पाणी शिंपडायचो. वहिनीला तो घाम वाटायचा. तिला किती बरं वाटायचं!

एके दिवशी भजं हातातच धरून तो म्हणाला, "छाती आवळल्यागत वाटतंय रे."

"ॲसिडिटी हाय," मी म्हणालो.

त्याचा चेहरा बघून वहिनीनं त्याच दिवशी आम्हाला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, चालताना छातीत भरून येतं का? अण्णानं माझ्याकडं बघितलं. वहिनी शेजारीच उभी होती, आणि मी — मी म्हणालो, "न्हाय हो. रोज अख्खा रंकाळा फिरतोय की." अण्णा गप्प राहिला. मला सांभाळून घ्यायला? छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, बरी आली. पुढच्या तपासण्या सवडीनं करू, असं ठरलं. त्याआधीच अण्णा गेला, दाढी करता करता.

आता मी रोज चालतो. एकटाच.

परवा दाट धुकं होतं. समोरून येणारे एक अनोळखी म्हातारे थांबले. "पावणं, तुमचं भाऊ म्होरं गेलं बघा. लई झपाझप चालत्यात."

"कोण भाऊ?"

"तुमच्यागतच नाकडोळं. रोज असत्यात की हितं."

रोज? अण्णा त्या वाटेवर कधी चाललाच नव्हता.

म्हातारे निघून गेले. पुढं धुक्यात चपला वाजत होत्या. पाऊल उचललं असतं तर गाठता आलं असतं. मी तिथंच उभा राहिलो — आवाजही थांबला. मग मी मागं फिरलो.

"झाली फेरी?" दारात वहिनीनं विचारलं.

"झाली," मी म्हणालो.