शिरस्तेदारांचा दंड

आमच्या सोसायटीत कुणाला मुलगा झाला किंवा कुणाची मुलगी दहावी पास झाली, तर शिरस्तेदार पेढा घेऊन लगेच तोंडात टाकायचे. कुणी स्कूटर घेतली की मात्र पेढा हातात धरून उभे राहायचे. "कागद?" एवढंच विचारायचे. विम्याचा कागद घरातून आणून दाखवेपर्यंत पेढा त्यांच्या चिमटीतच असायचा. ऐन मे महिन्यात एकदा एकाला कागद सापडेना. पेढा चिमटीत पार मऊ झाला, पण त्यांनी तो खाल्लाही नाही आणि खालीही ठेवला नाही. कागद सापडल्यावर बोटं चाटली आणि म्हणाले, "अभिनंदन."

मोटार अपघातांच्या नुकसानभरपाईचे दावे चालतात त्या कोर्टातून ते शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले होते. दारावरच्या पाटीवर त्यांचं आडनाव होतं, पण ते फक्त पोस्टमन वाचायचा. मुलुंडच्या आमच्या सोसायटीचे ते सेक्रेटरी होते, कारण दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं. उंच, काटकुळे, बारा महिने पांढरा बुशशर्ट आणि खिशाला दोन पेनं. स्वतःकडे सायकलसुद्धा नव्हती. आमच्या अंगणात मात्र सहा स्कूटर, दोन लुना, एक रिक्षा आणि एक जुनी फियाट असा ताफा होता, आणि कुणाच्या विम्याची मुदत कधी संपते हे त्यांना मालकांपेक्षा पक्कं ठाऊक असे. "विमा गाडीचा नसतो रे," ते सांगायचे, "गाडीसमोर जो येईल त्याचा असतो. तो कोण हे तुला अजून माहीत नाही, एवढंच."

एका वार्षिक सभेत त्यांनी ठराव मांडला की, विमा नसलेली गाडी अंगणात उभी केल्यास मालकाला दंड करावा. सभा उखडली. फियाटचे मालक म्हणाले, "अहो, उभी तर आहे गाडी! उभ्या गाडीला कसला आलाय विमा? आणि दंड करणारे तुम्ही कोण? पोलीस आहेत ना त्याला." ठरावाच्या बाजूने एकच हात वर झाला, तो त्यांचा स्वतःचा. त्यांनी आपला पराभव इतिवृत्तात सुवाच्य अक्षरात लिहिला आणि खाली सही केली. पुढच्याच महिन्यात दसरा होता.

दसऱ्याला सोसायटीतल्या सगळ्या गाड्यांना वर्गणीतून हार असायचे. नवमीच्या दुपारी काकू, म्हणजे शिरस्तेदारांच्या पत्नी, बायकांना जमवून झेंडूचे हार ओवायच्या आणि प्रत्येक हाराच्या मधोमध एक पांढरी शेवंती घालायच्या. शेवंती दिसली की हार आमच्या सोसायटीचा हे लांबूनच कळायचं. दसऱ्याच्या सकाळी धुतलेल्या गाड्या ओळीने उभ्या राहायच्या आणि सेक्रेटरी टोपली घेऊन एकेकीला हार घालत जायचे. त्या वर्षी ते प्रत्येक गाडीपाशी थांबले आणि म्हणाले, "कागद?" फियाटला हार पडला नाही. एका लुनालाही नाही. पैशांचा दंड असता तर चांगलं तासभर भांडता आलं असतं, पण सणाच्या दिवशी चार झेंडूच्या फुलांसाठी भांडायचं कसं? तिसऱ्या दिवशी फियाटच्या मालकांनी विमा उतरवला.

हे सगळं डोळ्यांदेखत घडलेलं असूनही माझी वाट लागायची ती लागलीच. मी विक्रोळीच्या एका कारखान्याच्या ऑफिसात होतो. स्कूटर लग्नाआधी नोंदवलेली, ती लग्नाला दोन वर्षं झाल्यावर आली. पहिल्या वर्षीचा विमा दुकानदारानेच काढून दिला होता. दुसऱ्या वर्षी तो आपण काढायचा असतो, हे मी साफ विसरलो. दसऱ्याच्या सकाळी शिरस्तेदारांनी माझा कागद डोळ्यांसमोर धरला. तारीख ते नेहमी दोनदा वाचायचे, एकदा मनात आणि एकदा मोठ्याने. मोठ्याने वाचली तेव्हा ती सगळ्या अंगणाने ऐकली. मुदत संपून चार दिवस झाले होते.

"काका, चार दिवस! चार दिवसांत काय होतंय?"

"चार दिवसांत काय काय होतं ते मी तीस वर्षं लिहून घेतलंय," ते म्हणाले आणि पुढच्या स्कूटरकडे गेले.

माझी बायको सुनंदा म्हणाली, स्टेशनवरून आणा की एक हार. मी म्हटलं, बिनशेवंतीचा हार म्हणजे आपणच पाटी लावल्यासारखं. त्याच दुपारी सासू-सासरे गिरगावातून खास स्कूटर बघायला आले. सगळ्या गाड्या नटलेल्या आणि आमची तेवढी धुतलेली, कोरडी. सासऱ्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "तुमच्याकडे सुतक आहे का हो?" मी हो म्हणालो. कुणाचं, हे सांगताना मला एक चुलतआजोबा मारावे लागले.

दोन दिवसांनी अर्धी रजा टाकून मी विमा उतरवला आणि तो कागद शिरस्तेदारांच्या टेबलावर जवळजवळ आपटला. त्यांनी तारीख मनात वाचली, मग मोठ्याने वाचली. खोलीत आम्ही दोघंच होतो. "छान," म्हणाले. मी विचारलं, "मग आता हार?" ते म्हणाले, "हार दसऱ्याला असतो." मी त्यांच्याशी अबोला धरला. त्यांना तो बहुधा कळलाही नाही.

अबोला दिवाळीपर्यंत टिकला. वसुबारसेच्या सकाळी आग्रा रोडवर डोक्यावर भाजीची पाटी घेऊन एक बाई रस्ता ओलांडत होत्या. मी बघत होतो दुकानातल्या आकाशकंदिलाकडे. ब्रेक दाबला तेव्हा उशीर झाला होता. रस्ताभर मेथी पसरली आणि त्या बाईंचा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळलेला मी पाहिला. लोकांनी मला दोन थोबाडीत दिल्या, त्या योग्यच होत्या. बाईंना रिक्षात घालून हॉस्पिटलात पोचवलं, पोलिसांना जबाब दिला, आणि तिथून मी घरी न जाता थेट शिरस्तेदारांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

सगळं ऐकून ते म्हणाले, "बाई कशी आहे?"

"वाचतील. पाय मोडलाय."

"तुझा कागद?"

"तुम्हीच वाचलात ना काका."

त्यांनी डोळे मिटले. ओठ जरासे हलले, म्हणजे तारीख मनात वाचली असावी. मग चपला घातल्या.

हॉस्पिटलात ताराबाई खाटेवर पडल्या होत्या. एकट्या बाई, भाजीवर घर चालायचं. शिरस्तेदारांनी स्टूल ओढलं, पेन काढलं आणि त्यांना नाव, वय, रोज किती पाट्या विकता, असं विचारत लिहायला सुरुवात केली. मी विचारलं, "काय लिहिताय?"

"दाव्याचा अर्ज."

"कुणाविरुद्ध?"

"तुझ्याविरुद्ध. जरा सरक, उजेड अडतोय."

लिहून झाल्यावर त्यांनी तो मलाच वाचून दाखवला. "'भरधाव वेगाने' असं घातलंय. कबूल?"

"भरधाव नव्हतो हो काका. तीसने होतो."

"'निष्काळजीपणे' करतो. ते तरी कबूल?"

मला आकाशकंदील आठवला. मी कबूल झालो. ताराबाई एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "ह्ये दोघं एका घरचे का?"

बाहेर बाकावर बसल्यावर त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. मी विचारली नव्हती. "कोर्टात एक बाई यायची. नवरा ट्रकखाली गेलेला. सहा वर्षं तारखांना आली. निकाल तिच्या बाजूने लागला. ट्रकला विमा नव्हता, आणि मालकाने तोवर ट्रक विकून गाव सोडलेलं. हुकमाची नक्कल मीच तिच्या हातात दिली. तिने मला विचारलं, साहेब, हा कागद कुठे वटतो?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, पुढच्या खिडकीवर विचारा." त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. "पुढे खिडकी नव्हती."

ताराबाईंचा दावा तीन वर्षं चालला. प्रत्येक तारखेला आम्ही तिघं एका बाकावर बसायचो, आणि ताराबाई भाकरी आणि सुक्या जवळ्याचा डबा आणायच्या. वादी आणि प्रतिवादी यांनी एका डब्यात जेवू नये असा नियम नाही, हे शिरस्तेदारांनी आधी खात्री करून घेतलं होतं. विमा कंपनीच्या वकिलाला मात्र आमचा शेवटपर्यंत संशय होता. निकाल लागला, कंपनीचा चेक आला. आठवड्याभराने ताराबाई किंचित लंगडत सोसायटीत आल्या, शिरस्तेदारांच्या दारात पाटी उतरवली आणि म्हणाल्या, "सायेब, वटला."

शिरस्तेदार उठून आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. काकू म्हणाल्या, तोंड धुताहेत.

पुढे काकू गेल्या. हार ओवायचं काम सुनंदाकडे आलं. शिरस्तेदारांचे डोळे अधू होत गेले, तेव्हा दसऱ्याला कागद वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी तारीख मनात वाचायचो, मग मोठ्याने वाचायचो, आणि ते टोपलीतून हार काढायचे. त्यांची मुलगी वसुधाताई बोरिवलीला राहायची. एकट्याला ठेवणं आता बरोबर नाही, असं तिने ठरवलं. जावयांच्या रजेमुळे निघायचा दिवस नेमका नवमीचा आला. शिरस्तेदारांनी एका अक्षराने तक्रार केली नाही. आदल्या संध्याकाळी हारांची रिकामी टोपली माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "परवा तू घाल."

मला ते सहन होण्यासारखं नव्हतं. सामानासाठी टेम्पो ठरवायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून मी सकाळी चेकनाक्यावर गेलो. एरवी त्या नाक्यावर धड कागद असलेला टेम्पो मिळाला असता तर मी नारळ फोडला असता. त्या दिवशी मात्र पहिले चारही ड्रायव्हर कायद्याचे पुतळे निघाले. पाचव्याने कागद दाखवताना तारखेवर अंगठा ठेवला. मी त्याचा अंगठा बाजूला केला, तारीख वाचली आणि घासाघीस न करता त्यालाच ठरवलं.

टेम्पो अंगणात आला. ट्रंक, गादीची वळकटी, काकूंचं शिवणाचं मशीन दाराशी आणून ठेवलेलं. शिरस्तेदार काठी टेकत ड्रायव्हरपाशी गेले. "कागद?" आणि तो माझ्याकडे देत म्हणाले, "वाच." मी मोठ्याने वाचला. मुदत संपून दोन महिने झाले होते.

"सामान आत घ्या," ते म्हणाले.

"चाचा, खाली फेरी का भाडा कौन देगा?" ड्रायव्हर ओरडला. मी मुकाट्याने भाडं दिलं. कागद नवा करून आण, म्हणजे तुलाही हार घालतो, असं शिरस्तेदारांनी त्याला बजावलं. टेम्पो गेल्यावर ते माझ्याकडे वळले.

"टेम्पो कुणी ठरवला?"

"मी."

"कागद पाहिला होतास?"

खोटं बोलायला जागा होती. पण त्यांच्यासमोर जमलं नाही. "पाहिला होता."

"वाचला होतास?"

"दोनदा."

त्यांनी काठीच्या मुठीवरून एकदा अंगठा फिरवला. मग म्हणाले, "उद्याचा दिवस राहतो. दंड तुला."

दसऱ्याच्या सकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने सगळ्या गाड्यांना हार घातले. माझ्या स्कूटरपाशी आले, माझा कागद मला वाचायला लावला, मुदत शाबूत आहे याची खात्री करून घेतली आणि हार न घालता पुढे गेले. नव्याने राहायला आलेल्या एका शेजाऱ्याने हळूच विचारलं, "विमा नाही का काढला?" मी म्हटलं, "काढलाय. हा दुसरा दंड आहे." माझी स्कूटर त्या अंगणात दोनदा बिनहाराची उभी राहिली. पहिल्यांदा मला तोंड लपवावंसं वाटलं होतं. या वेळी मी दिवसभर तिच्याजवळून हललो नाही.

दुसऱ्या दिवशी टॅक्सी आणली, ती कागद तपासूनच. टोपलीत एक हार उरला होता. तो मांडीवर घेऊन शिरस्तेदार टॅक्सीत बसले. सुनंदा म्हणाली, "काका, द्या ना आता तो यांना."

"जप्तीचा माल आहे," ते म्हणाले. "पुढच्या दसऱ्याला बोरिवलीला येऊन सोडवून ने."

पुढच्या श्रावणात ते गेले. मी स्मशानात होतो, पण हाराचं बोलणं तिथे काढण्यासारखं नव्हतं. दसऱ्याच्या सकाळी मात्र स्कूटर धुतली, सोसायटीतले हार घालून झाले, आणि मी पवईवरून बोरिवलीला गेलो. वसुधाताईंनी दार उघडलं. मी काही बोलायच्या आत त्या आत जाऊन वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी घेऊन आल्या. झेंडू वाळून काळपट झाला होता, मधली शेवंती तपकिरी. वर दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली होती. त्यावर शिरस्तेदारांच्या थरथरत्या पण सुवाच्य अक्षरात माझं नाव आणि माझ्या स्कूटरचा नंबर होता. मी हात पुढे केला, तशी त्यांनी पुडी मागे घेतली.

"बाबांनी बजावून ठेवलंय," त्या म्हणाल्या. "आधी कागद."

मी खिशातून पॉलिसी काढून दिली. वसुधाताईंनी चष्मा लावला, तारीख मनात वाचली, मग मोठ्याने वाचली, आणि हार माझ्या हातात दिला.